‘मागे कधी ताप आला होता का?’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,

स. न. वि. वि.

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. आधीचे पंधरा दिवस ती रात्री उठून घटाघटा पाणी पीत होती. अंथरूण ओलं करणं केव्हाच सुटलेलं, ते पुन्हा सुरू झालं होतं. दवाखान्यात दोनदा नेलं, दोन्ही वेळा “व्हायरल आहे” म्हणून औषध देऊन घरी पाठवलं. मग तिचा श्वास खोल आणि भरभर चालायला लागला, तेव्हा कुठे कुणीतरी बोटाला सुई टोचून शुगर बघितली. मीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं ‘हाय’ उमटलं.

आयसीयूत एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, “मागे कधी ताप, पुरळ, जुलाब?” मी दोन महिन्यांपूर्वीचा चार दिवसांचा ताप सांगितला. केसपेपरवर तो उतरला नाही, कारण तिथे तसा रकानाच नव्हता.

त्या प्रश्नामागे केवढं संशोधन आहे, हे मला नंतर वाचून कळलं. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते. (गोड खाण्याने हा आजार होत नाही. हे मला घरोघरी सांगावं लागतं.) आनुवंशिकता असतेच, पण एकसारख्या जुळ्यांतही एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असं पुष्कळदा दिसतं. म्हणजे बाहेरचंही काही कारण असणार. सर्वांत दाट संशय एन्टेरोव्हायरसवर, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंवर, त्यातही त्यांच्यातल्या कॉक्सॅकी बी गटावर आहे. नुकताच मधुमेह होऊन दगावलेल्या दहा वर्षांच्या एका मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी ४ विषाणू वेगळा काढल्याचं १९७९ साली प्रसिद्ध झालं. तो टोचल्यावर उंदरांच्या बीटा पेशी मेल्या आणि साखर वाढली. पुढे नॉर्वेत नव्याने निदान झालेल्या सहा प्रौढांच्या स्वादुपिंडाचे तुकडे तपासले, तर सहाही जणांत एन्टेरोव्हायरसचं प्रथिन सापडलं.

मी कित्येक रात्री त्या चार दिवसांच्या तापाला दोष देत जागून काढल्या. पण बीटा पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीज रक्तात लक्षणांच्या कितीतरी महिने, बहुधा वर्षं आधी दिसू लागतात. जो संसर्ग महत्त्वाचा, तो मुलगी रांगत असताना होऊन गेलेला असू शकतो. कदाचित साधं नाक वाहिलं असेल, कदाचित तेवढंही नाही. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन इथल्या ‘टेडी’ अभ्यासात ८,००० हून जास्त मुलांवर तान्हेपणापासून लक्ष ठेवलं, नियमित शौचाचे नमुने साठवले. त्यातून २०१९ साली दिसलं, की एन्टेरोव्हायरस बी (कॉक्सॅकी बी याच प्रकारात मोडतात) ज्यांच्या शरीरात लागोपाठच्या नमुन्यांत टिकून राहिला, त्यांच्यात अशा अँटिबॉडीज तयार होण्याचं प्रमाण अधिक होतं. थोडक्यात येऊन गेलेल्या संसर्गाचं तसं नव्हतं. कुठल्याच आईच्या आठवणीतून हे निघालं नसतं. ते फ्रीजरमधल्या नळ्यांतून निघालं.

संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे मलाही कळतं. पण कॉक्सॅकी बी विरुद्धच्या लशीची माणसांवरची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली आहे. निदानानंतर लगेच विषाणूविरोधी औषधं दिली, तर उरलेल्या बीटा पेशी थोड्या जास्त टिकतात, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसलं. उद्या लस आलीच, तर ती कुणाला द्यायची आणि तिचा उपयोग झाला का, हे आपण कशावरून ठरवणार? आजार होणारी मुलंच मोजलेली नसतील, तर घटलेली कशी मोजणार?

म्हणून माझी मागणी आहे की पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक नव्या टाइप वन रुग्णाची नोंद सक्तीची करा. निदानाच्या वेळी रक्ताचा आणि शौचाचा नमुना गोठवून ठेवा. आणि मुख्य म्हणजे, या मुलांच्या धाकट्या भावंडांना पालकांच्या संमतीने तान्हेपणापासून तपासणीखाली घ्या, कारण त्यांना हा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो.

माझा धाकटा मुलगा दीड वर्षाचा आहे. मागच्या आठवड्यात त्याला तीन दिवस ताप होता. मी तारखा वहीत लिहून ठेवल्या आहेत. त्याचे नमुने द्यायला आम्ही तयार आहोत. ते कुठे नेऊन द्यायचे, एवढं आपण सांगावं.

आपली,
एक आई