ती गाडी माझी होती

प्रिय सुमे,

सात महिने झाले, मान्य. तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्यात तू फक्त ‘जिवंत आहेस का?’ एवढंच लिहिलंस, त्यालाही नाही. आहे जिवंत. गुडघा तसाच, बीपीची गोळी चालू, आई बरी. झालं आरोग्य.

आता जे घरात कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. गेल्या मंगळवारी शाळेच्या फाटकासमोर एक मुलगा माझ्या गाडीखाली येता येता वाचला. हो, माझ्याच.

चिऊला सोडलं होतं, मला उशीर झाला होता (हसू नकोस), आणि पुढे एक व्हॅन दुसऱ्या रांगेत, भर रस्त्यात उभी. तिला वळसा घालून मी निघाले तर व्हॅनच्या पुढून आधी एक पाण्याची बाटली आली आणि तिच्यामागे तो. सात-आठ वर्षांचा. व्हॅनच्या पलीकडे तो मला दिसणं शक्यच नव्हतं, आणि मी त्याला. गाडी हातभर अंतरावर थांबली. नुकतीच निघाले होते म्हणून थांबली, माझ्या हुशारीने नव्हे. त्याने बाटली उचलली, ‘सॉरी काकू’ म्हणाला आणि पळाला.

सुमे, तो मला सॉरी म्हणाला.

मला त्या क्षणी बाळूची चप्पल दिसली. पुढचं लिहीत नाही, तू तिथे होतीस.

पण खरी गोष्ट यापुढेच आहे. गुरुवारी पालकांची बैठक झाली. कुणीतरी लांबून पाहिलं होतं, ‘कुठलीशी पांढरी गाडी’ एवढंच. मग काय, सगळे त्या गाडीवालीवर तुटून पडले. फोनवर बोलत असेल, लायसन कुणी दिलं, असल्यांना आत टाका. आणि मी? मी मान डोलावली. एकदा तर ‘कहर आहे’ असंही म्हणाले. तेव्हापासून रात्री झोप नाही.

मग ठराव. पाटी लावा, गतिरोधक टाका, शिट्टीवाला माणूस नेमा, मुलांना शिस्त लावा. हे शेवटचं ऐकलं आणि आपलं ते रात्रभराचं भांडण आठवलं. मी तेव्हा हेच म्हणत होते ना? डावीकडे बघ, उजवीकडे बघ, एवढं शिकवलं की झालं. तू चिडून ओरडलीस की त्या वयाच्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग जोखताच येत नाही, तुम्ही त्याच्याकडून मोठ्या माणसाची अक्कल मागताय. रस्ताच असा बांधा की त्याचं चुकलं तरी जीव जाणार नाही. मी म्हटलं, आली मोठी स्वीडनवाली! 1997 साली तिथल्या संसदेने हेच धोरण म्हणून मान्य केलं, हे तू मला तीनदा ऐकवलंस. आणि नेदरलँड्सचं. 1971 या एका वर्षात तिथे रस्त्यांवर 400हून जास्त मुलं गेली आणि आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नाव ‘मुलांचे खून थांबवा’, यावर मी ‘किती ते नाटकी’ म्हणाले होते. आता नाही म्हणणार. लेखी देते, फ्रेम करून लाव.

तुझं ते गणितही त्या रात्री कागदावर मांडून बघितलं. ब्रेककडे पाय जायला एक सेकंद धरला तर 30च्या वेगाने जाणारी गाडी साधारण 13-14 मीटरमध्ये उभी राहते. 50ने जाणारी तेवढ्या अंतरात वेग कमी करायलाही लागलेली नसते. ती थांबते 28 मीटरच्या आसपास. म्हणजे जिथे एक उभी असते तिथून दुसरी पूर्ण वेगात जाते. तीनदा करून पाहिलं, काही बदलेना.

आणि पाटी? आमच्याकडे पाटी आहेच. तिच्याखालीच गाड्या लावतात. मीही लावते. घरापासून शाळा चालत चौदा मिनिटं, पण रस्ता धोक्याचा म्हणून चिऊला गाडीने नेते, आणि धोका कशाचा, तर माझ्यासारख्या चाळीस जणींच्या गाड्यांचा! कपाळ बडवायला हात पुरत नाहीत.

म्हणून ठरवलंय की शनिवारी मांडायचं: शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास ती गल्ली गाड्यांना बंद. इटलीतल्या बोलझानोने 1989 साली केलं तसं. ज्यांना गाडी आणायचीच आहे त्यांनी कोपऱ्यावरच्या मैदानाशी सोडावं आणि चालावं. फाटकासमोरचा क्रॉसिंगचा पट्टा फूटपाथच्या उंचीला उचलायचा, तिथे फूटपाथ थोडा पुढे काढायचा, म्हणजे पोर उभ्या गाड्यांच्या आडून डोकावणार नाही, त्यांच्या पुढे येऊन उभं राहील. बरोबर सांगतेय ना? उंची आणि उतार किती ठेवायचा ते मात्र लिहून पाठव, फोनवर तू आकडे फेकतेस आणि मी हो-हो करते.

विरोध होणार. गल्ली बंद म्हटलं की सर्वात आधी मीच ओरडले असते. अपंग मुलांच्या गाड्या आणि रुग्णवाहिका सोडणार का, गल्लीत राहणाऱ्यांचं काय, हे सगळं विचारतील. त्याचं उत्तर आहे. ‘तुम्हाला एवढा पुळका का आला?’ याचं नाही. म्हणजे आहे, पण ते म्हणजे ‘ती पांढरी गाडी माझी होती.’ हे बोलल्याशिवाय बाकीचं बोलायचा मला अधिकार नाही असं वाटतं. आणि बोलले तर चिऊला वर्गात काय ऐकावं लागेल, असंही वाटतं. ह्यांना विचारलं तर म्हणतील, कुणाला काही झालं नाही ना, मग सोड. तू असं म्हणणार नाहीस म्हणूनच तुला लिहितेय.

तुझ्या बदलीचं काय झालं? छताची गळती थांबली का? मन्या पास झाल्याचं ताईकडून कळलं, त्याला शाबासकी दे. सविस्तर पुढच्या वेळी, खरंच.

शुक्रवारी रात्री फोन कर. मी ‘बघू, पुढच्या बैठकीत सांगते’ म्हणायला लागले तर मला फोन ठेवू देऊ नकोस.

तुझी,
मंगू