अक्का, तुझ्या चॉकलेटचा गारा का झाला

लुव्हेन, बेल्जियम
रविवार, १० मे

प्रिय अक्का,

आई-आप्पांना नमस्कार सांग, चिन्याला एक टपली.

तुझा फोटो बघितला. आधी वाटलं शाहापुरात कुणाचं तरी बांधकाम निघालंय आणि तू गाऱ्याचा फोटो काढलायस, मग खाली वाचलं, "हे घे तुझं हेल्दी चॉकलेट", तेव्हा कळलं की मी सांगितलेलं ते घरी करून बघितलंस. रात्री एकटाच हसत बसलो. पण खरं सांगतो, माझं पण पहिल्या वेळी सेम टू सेम असंच झालेलं, फक्त मी फोटो पाठवला नाही, चमच्याने खाऊन पुरावा संपवला.

व्हॉइस मेसेज करणार होतो पण तू ते दीडच्या स्पीडने ऐकतेस आणि मग अर्धं विसरून परत मलाच विचारतेस, म्हणून लिहितोय. प्रिंट काढून फ्रिजला चिकटव. आणि गडहिंग्लजला परत जायच्या आत माहेरीच करून बघ, आईचा मिक्सर तुझ्यापेक्षा दणकट आहे.

तर गारा. तू गरम पाण्याच्या भांड्यावर चॉकलेट वितळवताना वर झाकण ठेवलंस काय? ठेवलंच असणार, आईने सांगितलं असेल "झाक गे, गॅस वाया जातो". तिथंच घोटाळा झाला. झाकणाला वाफ धरते, तिचा एक थेंब खाली पडला की संपलं. चॉकलेट म्हणजे काय तर कोकोची आणि साखरेची बारीक पूड, ती कोकोच्या तुपात (कोको बटर म्हणतात ते) पसरलेली असते, पाणी त्यात नसतंच म्हटलं तरी चालेल. पिठीसाखरेत पाण्याचा एक थेंब पडला की कशी गोळी होते, तसंच ते सगळे कण एकमेकाला चिकटतात आणि चमचा उभा राहतो. गंमत म्हणजे थेंबभर पाण्याने बिघडतं पण जास्त घातलं की सुटतं, म्हणून तू ते टाकून दिलं नसशील तर त्यात गरम दूध दोन दोन चमचे घालून हलवत राहा, मऊ सॉस होतो. वडी होणार नाही पण केळ्यावर घालून चिन्या चाटूनपुसून खाईल. पुढच्या वेळी भांडं कोरडं, चमचा कोरडा, खालच्या पाण्याला वरचं भांडं टेकू द्यायचं नाही, पाणी तापलं की गॅस बंद, आणि आई काही म्हणू दे, झाकण नको.

दुसरी गोष्ट, तू डब्याचा फोटो पाठवलायस त्यावर ड्रिंकिंग चॉकलेट लिहिलंय. अक्का ते कोको नव्हे. त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते बहुतेक वेळा, मागं बघ, घटकांत पहिलं नाव साखरेचं असेल, जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात. आपल्याला पाहिजे साधी कोको पावडर, बिनसाखरेची, जिभेवर ठेवली की तोंड वाकडं होतं ती. आणि चॉकलेटचा स्लॅब घेताना 'कंपाऊंड' लिहिलेला घेऊ नको, त्यात कोकोच्या तुपाऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, वितळायला सोपं पडतं म्हणून केकवाले वापरतात, पण मग एवढा खटाटोप कशाला.

लेबलं वाचायची सवय मला इथं लागली. इथं पाकिटावर सगळं दोन भाषांत असतं, डच आणि फ्रेंच, आणि मी सगळ्यात आधी शिकलेला शब्द म्हणजे साखर. डचमध्ये सौकर, फ्रेंचमध्ये स्यूक्र. आता तू बघ, आपली साखर, कन्नडमधली सक्करे, आणि हे दोन, चारीच्या चारी एकाच संस्कृत शर्करेची पोरं. आप्पांना हे सांग, आणि हेही सांग की इथं पण सीमावाद आहे बरं काय. लुव्हेनचं विद्यापीठ १९६८ मध्ये भाषेच्या भांडणातच फुटलं, फ्रेंचवाल्यांनी पलीकडं जाऊन स्वतःचं नवीन गावच वसवलं आणि लायब्ररीची पुस्तकं म्हणे सम-विषम नंबरांनी वाटून घेतली. रेल्वेत बसलं की ब्रुसेल्सपर्यंत एक तऱ्हा, पुढं गेलं की अनाउन्समेंटची भाषाच बदलते, एकाच गावाला इकडं लुइक आणि तिकडं लिएज. मला काय नवीन नाही, आपण बेळगाव, बेलगाम, बेळगावी तिन्ही पाट्या वाचत मोठे झालो. ऑफिसात पण मी बेळगावचा म्हटलं की लोकांना वाटतं मी बेल्जियमचाच म्हणतोय, उच्चार चुकलाय. असो, भरकटलो.

तू विचारलंस की हे घरी करायचं मला सुचलं कुठून. आमच्या घरमालकाचा ओव्हन जानेवारीपासून बंद आहे, तीन मेल लिहिले, प्रत्येक वेळी "पुढच्या आठवड्यात". त्यामुळे भाजायचं काहीच जमत नाही, जे करायचं ते एका शेगडीवर. तशात एक दिवस दुकानात एनर्जी बार घेतला, जवळजवळ दोन युरोचा, बोटाएवढा. मागं बघतो तर खजूर, शेंगदाणे, काजू, कोको, बस्स एवढंच. आणि त्याच आठवड्यात आईने पाठवलेला गोकाकचा करदंट माझ्या टेबलावर पडलेला. मी दोन्ही शेजारी ठेवले आणि अक्का, लाज वाटली मला. करदंट म्हणजे तरी काय, करिद अंटु, तळलेला डिंक, त्यात सुकामेवा आणि गूळ, ओव्हन नाही बेकिंग नाही काही नाही. गोकाकच्या लोकांनी आधीच करून ठेवलेलं, ह्यांनी फक्त चकचकीत कागद लावला. तेव्हापासून बार बंद, लाडू सुरू.

आता लाडू. २०० ग्रॅम बिनबियांचा खजूर, १५० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम कोको, मूठभर तीळ, चिमूटभर मीठ, एक चमचा तूप. मीठ विसरू नको, त्याच्याशिवाय कोको नुसता कडू लागतो. शेंगदाणे मंद गॅसवर खमंग भाज, घाई केलीस तर वरून काळे आत कच्चे. गार झाले की हाताने चोळून सालं पाखडून टाक (मी इथं गॅलरीत पाखडतो, खालच्या मजल्यावरची बाई दोनदा वर बघून गेली). मग मिक्सरला थांबून थांबून फिरव, एकदम फिरवलंस तर तेल सुटून पीनट बटर होईल. रवाळ पाहिजे, कूट करतो तसं. खजूर तुपावर दोन मिनिटं परतून घे, मऊ पडतो. लोक गरम पाण्यात भिजवतात, तसं पण होतं पण आत पाणी गेलं की लाडू टिकत नाहीत, दोन-तीन दिवसांत संपवावे लागतात आणि ते पण फ्रिजमध्ये.

आणि मिक्सरमध्ये आधी कूट, वर खजूर. उलटं केलंस तर खजूर पात्याला गच्च बसतो आणि मोटर तापते. माझं छोटं ब्लेंडर असंच गेलं, वास अजून स्वयंपाकघरात आहे. कोको शेवटी, चाळून, कारण त्यात गुठळ्या असतात आणि चावताना तोंडात एकदम कडू पूड फुटते. अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी टाकलीस तर चॉकलेटची चव दुप्पट वाटते, चिन्यासाठी करशील तेव्हा मात्र नको. आई वेलची घालूया म्हणेल. मी घालून बघितली, बरी लागते पण मग चॉकलेट राहत नाही, प्रसाद होतो. जायफळ चालतं. आवळ्याएवढे वळलेस तर वीसेक लाडू होतात.

आता आप्पांच्या शुगरचं. अक्का, तू ते शुगर-फ्री चॉकलेट आणलंस ते चांगल्या मनाने आणलंस, पण त्यात साखरेऐवजी घालतात तो माल्टिटॉल असणार, तो साखरेपेक्षा सावकाश पण रक्तातली साखर वाढवतोच, आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं, चिन्याचं परवा का बिघडलं ते आता कळलं असेल. पण मी माझ्या लाडवाची पण खोटी जाहिरात करणार नाही. इंटरनेटवर सगळे लिहितात "नो शुगर", आणि घालतात पावशेर खजूर. खजुराच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६५ ग्रॅम साखरच असते, झाडाची असली म्हणून काय झालं. मी हिशोब केला, आपल्या एका लाडवात साडेसहा ग्रॅम साखर येते, म्हणजे दीड छोटा चमचा, आणि ८० कॅलरी. शेंगदाण्यामुळे ती जरा हळू चढते, पण चढते. म्हणून आप्पांना दिवसाला एक, ते पण जेवणानंतरचा कुंदा बंद करून, कुंदा खाऊन वरून आणखी नव्हे. त्यांची ट्रिक मला माहीत आहे, "हे हेल्दी आहे" म्हणून चार खातील आणि डॉक्टरांना सांगतील मी गोड सोडलंय. डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव, मोजून. गंमत सांगू, इथली ती प्रसिद्ध प्रालिन, चॉकलेटच्या आत सारण भरलेली, ती १९१२ मध्ये ब्रुसेल्सच्या नॉयहाउसच्या दुकानात निघाली, आणि ते दुकान मुळात औषधाचं होतं, कडू गोळ्यांना चॉकलेट लावून द्यायचे म्हणतात. आप्पांची रात्रीची गोळी तशी द्यायची आयडिया आईला सांगू नको, ती खरंच करेल.

चिन्याला डब्यात पण लाडूच दे, वडी देऊ नको. कारण कोकोचं तूप ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणून तर चॉकलेट तोंडात विरघळतं, आणि बेळगावात मे महिन्यात दुपारी तेवढं तापतंच. समर कॅम्पला जाईपर्यंत डब्यात नुसतं ओघळ. लाडवात वितळलेलं चॉकलेट नाहीच, नुसती पूड आहे, ती कुठं जाणार.

वडी घरी खायला. ७० टक्क्यांचा डार्क स्लॅब १०० ग्रॅम, त्यातला तिसरा हिस्सा बाजूला ठेव, बाकीचा वितळव आणि खाली उतरवून मग तो ठेवलेला टाकून हलव, गार होत होत छान सेट होतं. त्यात दोन मुठी चिरमुरे, थोडं डाळं, तीळ. चिरमुरे आधी कढईत कोरडेच कडक करून पूर्ण गार करून घे, वळीव पडून गेलेला असला तर नक्कीच, सादळलेले घातलेस तर चामड्यासारखं लागतं. ताटात बटर पेपर, त्यावर पातळ पसर, फ्रिजमध्ये अर्धा तास, मग हातानेच तोड. मी इथं नुसतं खिडकीत ठेवतो, मे आहे तरी स्वेटर घालून बसलोय. दोन दिवसांनी वर पांढरे डाग दिसले तर बुरशी म्हणून फेकू नको, आतलं तूप वर आलेलं असतं, खाल्लं तर काही होत नाही.

राजगिऱ्याच्या लाह्यांचं पण करून बघायचंय, इथं मिळत नाहीत. कोण येणार असेल तर पाव किलो पाठव, आणि डिंक. करदंट मात्र आता पाठवू नको, अजून अर्धा डबा आहे आणि माझं वजन विचारू नको.

खजूर खडे बाजारातून घे, गिऱ्हाईक आहे तिथं माल फिरतो, ताजा असतो. पॅकेटवाला घेतलास तर साखरेचा पाक लावलेला नाही ना ते बघ, हाताला चिकचिक लागली तर नको.

करून बघितलंस की लिही. फोटो नको, लिही.

तुझा,
धाकटा

ता.क. — सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. आप्पा दुधीची भाजी टेबलाखालून मोत्याला सरकवतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण चॉकलेट कुत्र्यांना विष आहे, डार्क आणि कोको पावडर तर फारच, त्यातलं थिओब्रोमिन त्यांना पचत नाही. खाल्लंच तर वाट बघत बसू नका, सरळ जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. आप्पांना सांग, लाडू नाही आवडला तर ताटात ठेवा, आई चार शब्द बोलेल, बोलू दे.