मृतांना उठवण्याआधी त्यांना विचारले का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मेलेल्यांना उठवून लढायला लावणारा मांत्रिक ज्या संगणकीय खेळांत नायक असतो, ते खेळ मुलांना भानामती शिकवतात, अशी तक्रार आपल्या वाचकपत्रांत नुकतीच वाचनात आली. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. भाच्याच्या शेजारी बसून यांतले काही खेळ मी पाहिले आणि, वयाला न शोभणारे असले तरी सांगतो, दोन स्वतः खेळलोही. ज्या राज्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे ही काळजी अस्थानी नाही; परंतु या खेळांत नीतीचा विचारच नसतो, हे पत्रलेखकाचे विधान मला मान्य नाही.

भुतांशी संबंध आला की अघोरच, असे निदान सिंधुदुर्गात तरी कोणी म्हणू नये. आरवलीचा वेतोबा हा भुतांचा अधिपती, आणि तोच गावाचा राखणदार. रात्री फेरी घालताना त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. म्हणजे प्रश्न मृतांशी व्यवहार करण्याचा नाही, तो कसा केला जातो याचा आहे.

या मांत्रिकाला खेळांत ‘नेक्रोमॅन्सर’ म्हणतात. शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ मृतांकडून भविष्य जाणून घेणारा असा होतो. मूळ कल्पना विचारण्याची होती, हुकूम सोडण्याची नव्हे. खेळांत मात्र हुकूमच चालतो. १९९९ सालच्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ मध्ये ही विद्या येणाऱ्या सरदाराने लढाई जिंकली की पडलेल्या शत्रूंपैकी ठरावीक हिस्सा सांगाडे होऊन त्याच्याच फौजेत दाखल होतो, आणि पडद्यावर फक्त आकडा वाढलेला दिसतो. २००० सालच्या ‘डायब्लो २’ मधला नेक्रोमॅन्सर तर कथेनुसार दुष्ट नाहीच. तो रॅथ्माच्या पंथाचा पुरोहित असून प्रकाश आणि अंधार यांतला समतोल राखणे हे त्याचे व्रत आहे. कथा इतकी गंभीर, पण खेळताना बोटे करतात ते एवढेच, की प्रेत दिसले तर त्यातून सांगाडा उठवायचा, नाहीतर त्या प्रेताचाच स्फोट करायचा. माझा खरा आक्षेप या विसंगतीला आहे.

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेने हिशेब अधिक प्रामाणिकपणे मांडला आहे. त्या जगात माणसाचा आत्मा कोंडायला काळे मणी लागतात, आणि असा मणी वापरून तलवारीला जादुई धार चढवता येते. २०१२ साली मालिकेतल्या ‘स्कायरिम’ या खेळाला जोडलेल्या ‘डॉनगार्ड’ या भागात खेळाडू ‘सोल केर्न’ नावाच्या उजाड लोकात जातो, तेव्हा मण्यांत कोंडून वापरलेले आत्मे तिथे सुटकेविना भटकताना त्याला भेटतात. भाच्याने तोवर असे किती मणी वापरले होते, हे मी विचारले नाही. पण त्या संध्याकाळी तो खेळावरून लवकर उठला. याच मालिकेच्या ऑनलाइन खेळात २०१९ पासून नेक्रोमॅन्सर होता येते, मात्र तिथे काही मंत्र नगरवासीयांच्या देखत वापरले तरच गुन्हा ठरतात. न पाहिलेले पाप पाप नसते, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

मला सर्वांत विचार करायला लावले ते २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ ने. त्यात मंत्राच्या बळावर प्रेताला फार तर पाच प्रश्न विचारता येतात. परंतु विचारणाऱ्यानेच त्याला मारले असेल, तर ते प्रेत बोलायला नकार देते. हे पाहताना मला दहाव्याच्या पिंडाची आठवण झाली. कावळा शिवत नाही तोवर आपण नदीकाठी ताटकळत उभे राहतो, गेलेल्याची इच्छा काय राहिली असेल ते आठवतो, ‘मुलीचे लग्न आम्ही करू, जमीन विकणार नाही’ असे शब्द मोठ्याने देतो आणि पुन्हा वाट पाहतो. कावळा खरेच मृताच्या वतीने येतो यावर माझा विश्वास नाही. तरीही मृताला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे, एवढे त्या रिवाजात गृहीत धरलेले असते, आणि सांगाड्यांची फौज उभी करणाऱ्या बहुतेक खेळांत नेमके तेच वगळलेले असते. मुलांशी बोलायचे असेल तर खेळ बंद करण्यापेक्षा याविषयी बोलावे, असे मला वाटते.

हे मी भाच्याला सांगितले, तेव्हा त्याने त्या खेळातली पळवाट दाखवली: मारणाऱ्याने मंत्राने रूप बदलले की तेच प्रेत फसते आणि बोलू लागते. मी त्याला हसणार होतो. इतक्यात आठवले की कावळा फारच वेळ शिवला नाही, तर आपणही दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतो आणि घरी जातो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, तालुका वेंगुर्ले