ड्राइव्ह-थ्रूला परवानगी देताना रांगेची लांबीही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीतून न उतरता खाद्यपदार्थ घेण्याची ‘ड्राइव्ह-थ्रू’ सोय आपल्याकडे महामार्गांवर आहे. कळंबोलीचे मॅकडोनाल्ड्सचे ड्राइव्ह-थ्रू मुंबई-पुणे ये-जा करणाऱ्या अनेकांच्या परिचयाचे आहे. आता अशी उपाहारगृहे शहरातल्या निवासी भागांतही दिसू लागली आहेत आणि त्यांना परवानगी देताना नेमके काय तपासले जावे, याचा विचार नगररचनेच्या पातळीवर तातडीने व्हायला हवा, म्हणून हे पत्र.

मी पुण्याच्या पश्चिम उपनगरात राहतो. आमच्या घराजवळच्या अशाच एका उपाहारगृहाबाहेर शनिवार-रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग फाटकातून बाहेर येते आणि रस्त्याची डावी मार्गिका अडवते. बसथांबा त्याच बाजूला असल्यामुळे बस मधल्या मार्गिकेत उभी करावी लागते आणि उतरणारी माणसे, त्यांत वृद्धही आले, उभ्या गाड्यांच्या फटीतून पदपथाकडे जातात. पार्सल न्यायला आलेल्या डिलिव्हरीच्या दुचाकी उरलेल्या जागेत शिरतात. उपाहारगृहाच्या आवारात वाहनतळ आहे आणि तो बहुतेक वेळा अर्धा रिकामा असतो.

अडचणीचे मूळ या रिकाम्या वाहनतळातच दिसते. राज्यात मुंबई व काही मोजकी क्षेत्रे वगळता सर्वत्र लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (२०२०) उपाहारगृहाला किती वाहनतळ हवा, हे त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात ठरते. बसून जेवणाऱ्यांसाठी हा हिशेब रास्त आहे. ड्राइव्ह-थ्रूचा ग्राहक मात्र गाडी लावतच नाही, तो रांगेत थांबतो, आणि रांगेची लांबी क्षेत्रफळावर नव्हे, तर पदार्थ देण्याच्या खिडकीवर एका गाडीला किती वेळ लागतो यावर अवलंबून असते. समजा एका गाडीला चार मिनिटे लागली, तर एका खिडकीतून तासाला १५ गाड्या सुटतील. येणाऱ्या गाड्या २० असतील, तर दर तासाला पाच गाड्या मागे साचतील. गाडी आणि पुढचे-मागचे अंतर मिळून सहा मीटर धरले, तर दोन तासांत रांग ६० मीटरने वाढेल, आणि शहरातल्या फार थोड्या भूखंडांची रस्त्याकडची बाजू तेवढी रुंद असते.

याहून गंभीर बाब सामासिक अंतराची आहे. इमारतीभोवती मोकळी सोडायची ही जागा उजेड-वाऱ्यासाठी असते, तशीच ती आगीच्या प्रसंगी बंब आत यावा यासाठीही असते. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरील उपाहारगृहाने बाजूच्या भिंतीत खिडकी काढून या जागेलाच मार्गिका बनवले, तर गर्दीच्या वेळी बंबाची वाट गाड्यांनी भरलेली असेल आणि वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना स्वतःचे वाहन बाहेर काढणेही कठीण होईल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरातील महत्त्वाचा बदल हाही ‘विकास’च, म्हणजे परवानगी लागणारी बाब आहे. त्यामुळे उपाहारगृह आधीपासून होते, एवढ्यावर असा बदल विनापरवानगी होऊ देऊ नये. माझ्या मते सामासिक अंतरात ड्राइव्ह-थ्रूची मार्गिका कोणत्याही अटीवर मान्य होऊ नये.

ज्या देशात ही पद्धत वाढली, तिथल्या शहरांनाही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. अमेरिकेतील मिनियापोलिसच्या नगर परिषदेने २०१९ मध्ये पादचाऱ्यांची सुरक्षितता आणि थांबलेल्या गाड्यांचा धूर लक्षात घेऊन नव्या ड्राइव्ह-थ्रूंना शहरभर मनाई केली, मात्र आधीची चालू राहू दिली. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे २०२२ मध्ये एका चिक-फिल-ए उपाहारगृहाची रांग मुख्य रस्त्याची मार्गिका अडवू लागली, तेव्हा त्याला सार्वजनिक उपद्रव ठरवण्याचा प्रस्ताव नगर परिषदेपुढे आला. सरसकट बंदीची मागणी मी करत नाही. तान्हे मूल सोबत असलेल्यांना किंवा चालता न येणाऱ्यांना या सोयीचा खरा उपयोग आहे, आणि मोठ्या भूखंडावर, नीट आखलेल्या मार्गिकेसह ती चालू शकते.

नगरविकास विभागाने यासाठी नियमावलीत फेरबदल प्रस्तावित करावा. ड्राइव्ह-थ्रू हा स्वतंत्र वापर मानावा. गर्दीच्या तासाची संपूर्ण रांग भूखंडाच्या आतच मावेल एवढी मार्गिका नकाशावर दाखवणे बंधनकारक करावे. चौक, शाळा व बसथांब्यापासून किमान अंतर ठरवावे. आत जाण्याचा व बाहेर पडण्याचा असे दोन मार्ग पदपथ छेदतात, तिथे पदपथाची पातळी सलग राहावी आणि गाडीने चढून यावे, चालणाऱ्याने उतरू नये. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले असल्याने निदान पुण्यात तरी ही अपेक्षा जास्त नाही. राष्ट्रीय महामार्गाला जोडणाऱ्या प्रवेशासाठी २००२ च्या महामार्ग नियंत्रण कायद्यानुसार स्वतंत्र परवानगी लागते. ती मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

आणखी एक गोष्ट नागरिकांच्या सहभागाची. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात फेरबदल करताना हरकती व सूचना मागवल्या जातात, पण एकेका बांधकामाच्या परवानगीच्या वेळी शेजाऱ्यांना विचारण्याची पद्धत नाही. त्यांना कळते ते फलक लागल्यावर, आणि तोवर गुंतवणूक झालेली असल्याने व्यावसायिकालाही माघार घेणे अवघड जाते. निवासी भागातील ड्राइव्ह-थ्रूचा अर्ज, त्याचा नकाशा आणि वाहतूक पोलिसांचा अभिप्राय परवानगीपूर्वी किमान १५ दिवस क्षेत्रीय कार्यालयात व संकेतस्थळावर पाहायला मिळावा आणि आलेल्या हरकतींवर लेखी निर्णय द्यावा. आधीच सुरू झालेल्या ठिकाणांना रांग आत घेण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी, आणि ते न जमल्यास खिडकीवरील विक्री बंद करून आतील उपाहारगृह चालू ठेवू द्यावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे