नऊ माणसांना सांगितलेली गोष्ट

सातारा, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी नानावटी खटल्यावर वर्ग घेणार आहेस हे वाचल्यापासून डोक्यात तेच आहे, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सविस्तर लिहायला बसलो.

आपल्याकडे ज्युरीच, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ठरवणारी नऊ सामान्य माणसं, उरली नाही, मग ज्युरीला गोष्ट कशी सांगतात हे शिकवून काय साधेल, असं विचारलं आहेस. पुष्कळ साधेल. तुझ्या आजोबांची कीर्तनं आठव. पूर्वरंगात ते अभंग उलगडून सांगायचे तेव्हा मागच्या बायका खाली मान घालून वाती वळत असायच्या. उत्तररंगात आख्यान लागलं की हात थांबायचे. ज्युरी म्हणजे ती देवळातली मंडळी. ऐकणारा पुरावा सुटासुटा डोक्यात ठेवत नाही. ऐकता ऐकता त्याची गोष्ट जुळवतो, आणि वकिलानं ती जुळवून दिली नाही तर आपल्या मनानं जुळवतो. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला माणूसही तसाच ऐकतो, हे मी तीस वर्षं पाहतोय.

मुलांना आधी एवढंच विचार: ही गोष्ट कुठून सुरू करायची?

२७ एप्रिल १९५९, मुंबई. बचावाची गोष्ट घरातून सुरू होते. कमांडर कावस नानावटी, आरमारातला अधिकारी, बरेच दिवस बोटीवर राहून परतलेला. पत्नी दुरावल्यासारखी वागते. विचारल्यावर ती प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली देते. हा जीव द्यायला निघतो. त्याआधी आहुजाला एकच गोष्ट विचारायची असते: तिच्याशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का? आहुजा घाणेरडं उत्तर देतो, रिव्हॉल्व्हरसाठी झटापट होते, गोळ्या सुटतात.

सरकार पक्षाची गोष्ट दुपारी दीडच्या सुमारास, तो घरातून बाहेर पडतो तिथे सुरू होते. तो बोटीवर जातो. रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय असं खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतो. आधी आहुजाच्या ऑफिसात, तिथे तो नाही म्हणून त्याच्या फ्लॅटवर. चार वीसला आहुजा मेलेला असतो. मधले जवळजवळ तीन तास हीच सरकार पक्षाची सगळी गोष्ट आहे.

आता या दोन्हींच्या मधे एक प्रसंग आहे, त्यावर वर्गातली वीस मिनिटं खर्च कर. घरातून निघाल्यावर नानावटीनं बायकोला आणि मुलांना सिनेमाला सोडलं आणि सहा वाजता न्यायला येतो असं सांगितलं. बचावाच्या तोंडी हा प्रसंग ऐकला तर गळा दाटतो. आतून मोडलेला बाप मुलांचा सिनेमा चुकू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं मात्र यातच पाहिलं की माणूस भानावर होता, पुढचं ठरवत होता. म्हणजे अचानक आणि गंभीर प्रक्षोभाचा बचाव, रागानं भान सुटून घडलं म्हणून हा खून नव्हे हा, इथे ढासळतो. प्रसंगातला एक शब्दही बदललेला नाही. फक्त तो कुणाच्या गोष्टीत बसवला एवढाच फरक. मुलांच्या हे एकदा लक्षात आलं की पुढचं शिकवायला तुला फारसं बोलावं लागणार नाही.

नानावटी पांढऱ्या गणवेशात, पदकं लावून कोर्टात यायचा. ज्युरीला रोज समोर दिसत होता तो शूर, फसवला गेलेला नवरा. आहुजा दिसणार कसा? तो मेलेला, त्याची बाजू त्याच्या तोंडून कुणीच ऐकली नाही. त्याच्या वतीनं बोलत होता तो एक टॉवेल. आहुजा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता, आणि प्रेत सापडलं तेव्हा तो टॉवेल कमरेला तसाच होता. झटापट झाली, तीन गोळ्या लागल्या आणि टॉवेल सुटला नाही? हा प्रश्न ज्युरीपुढे आला होता. तरीही आठ विरुद्ध एक मतांनी तिनं नानावटीला निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्ज मेहतांनी तो निकाल मान्य केला नाही, प्रकरण हायकोर्टात पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि पुढे १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती कायम झाली. नंतर नानावटीला मिळालेली माफी, सुटका हे सगळं मुलांना ठाऊक असेल, त्यात वेळ घालवू नकोस. एक चूक मात्र दुरुस्त कर. या खटल्यामुळे ज्युरी रातोरात गेली असं सगळे सांगतात. ती बंद करावी अशी शिफारस विधी आयोगानं १९५८ मध्येच केली होती, आणि ती कायद्यातून पूर्ण गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं.

मला त्या नऊ जणांचा राग येत नाही. त्यांना इतकी घट्ट विणलेली गोष्ट ऐकवली होती की टॉवेल तिच्यात मावलाच नाही, आणि जे मावत नाही ते माणूस बाजूला ठेवतो. राग मला स्वतःचा येतो. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका विधवेचा अपघात भरपाईचा दावा मी चालवत होतो. नवरा पहाटे दुधाचे कॅन बांधून मोटारसायकलवर निघालेला, समोरून ट्रक. मी तो रस्ता, ते धुकं, घरी चुलीवर ठेवलेला चहा, सगळं उभं केलं. पंचनाम्यात मोटारसायकल उजव्या बाजूला आढळल्याची नोंद होती. ती मी सांगितलीच नाही. समोरच्या वकिलानं ती ओळ वाचली आणि मी उभं केलेलं सगळं क्षणात खोटं वाटायला लागलं, जे खरं होतं तेसुद्धा. वळणावर खड्डा होता, तो चुकवायला माणूस उजवीकडे जाईलच, हे मी आधी माझ्या तोंडानं सांगायला हवं होतं. भरपाई कापली गेली. ती बाई पायऱ्यांवर मला म्हणाली, "वकीलसाहेब, खड्डा तर सगळ्या गावाला ठाऊक आहे की." अजून ते वाक्य तसंच कानात आहे.

टिळकांचा १९०८ चा खटलाही घ्यावा का, असं विचारलंस. जरूर घे, वेगळ्या कारणासाठी. लेख 'केसरी'तले, मराठीतले. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यापुढे ते लेख भाषांतरातून गेले. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर झगडले, २१ तासांहून अधिक बोलले. सात विरुद्ध दोननं दोषी, सहा वर्षं काळं पाणी. आपल्या शब्दांचा अर्थ परक्यांना परक्या भाषेत समजावत तो माणूस दिवसेंदिवस उभा होता, हे वाचताना मला फार तुटतं.

वर्गात दोन गट कर. सिनेमा आणि टॉवेल, दोन्ही गोष्टी दोन्ही गटांना सक्तीच्या. प्रत्येकानं पहिली दहा वाक्यं लिहून आणायची, त्यातली निवडक मला पाठव. वहिनींना नमस्कार, आणि आजोबांची आख्यानांची वही सापडली तर येताना घेऊन ये.

तुझा,
मधू