आमच्या वखारीतल्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले असते, तर तुम्ही "गप ऱ्हव" म्हणून मला वाटेला लावलं असतं. म्हणून चारचौघांत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

वखारीचा इतिहास लिहायचा घाट मी घातला तेव्हा हाताशी होत्या फक्त पणजोबांच्या चोपड्या. गिऱ्हाइकांची नावं, घनफूट, येणं-देणं, सगळं त्यांत आहे. लाकूड चिरलं कोणी, ते मात्र कुठेच नाही. मजुरीपुढे नुसतं 'करवतकरी असामी दोन'. त्या दोघांना नावं तुम्ही दिलीत: तुमचे आजोबा आणि त्यांचे मेहुणे. ओंडका उंच लाकडी घोड्यावर चढवायचा, काव लावलेलं सूत मारायचं, एकाने वर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली. करवत वरून खाली येतानाच कापते, त्यामुळे सगळा भुसा खालच्याच्या डोळ्यांत. मेहुणे जन्मभर खालीच राहिले, हे तुम्ही दोनदा सांगितलंत. मी दोन्ही वेळा लिहून घेतलं.

आमच्याकडे मोठी माणसं छातीठोकपणे सांगत आली की मिल सुरू झाली तीच बॅण्ड सॉवर, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीवर. तुम्ही वाद घातला नाहीत. बॅटरी घेऊन आमच्या माळ्यावर चढलात (आई खाली शिडी धरून बडबडत होती, ते तुम्ही ऐकलं नाहीत असं समजू), ऐनाच्या तुळईवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "ह्यां हातान् चिरलेलां." ओरखडे तिरके, एकाला एक न जुळणारे. शेजारच्या फणसाच्या फळीवर मात्र कंपासने ओढावेत तसे गोलाकार वळ. "ह्यां चक्रीर." आणि नंतर वाढवलेल्या पडवीच्या वाशांवर सरळ, आडव्या, बारीक रेघा. तीच बॅण्ड सॉ. म्हणजे हातकरवत आणि बॅण्ड सॉ यांच्या मधली गोल करवत आमच्या घराण्याच्या आठवणीतून साफ गळली होती आणि डोक्यावरच्या माळ्यात शाबूत होती! माझ्या काकांनी तोंड पाडलं खरं, पण दुसऱ्या दिवशी तेच पाहुण्यांना वर बोट करून दाखवत होते.

पात्याचंही तुम्हीच दाखवलंत. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे वाकवलेला, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं लाकडात अडकत नाही. ऐनाच्या फळीवर काळा-निळा डाग दिसला की आत खिळा असणार, हेही. मिलमध्ये एवढी वर्षं खेळूनसुद्धा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलींना कोण सांगतो म्हणा.

धंदा बसला तो कोर्टामुळे, असं घरात आजही म्हणतात. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने वनक्षेत्रातल्या, केंद्राच्या मंजुरीशिवाय चालणाऱ्या आरा गिरण्या थांबल्या. त्याच खटल्यातल्या ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशानंतर नवी गिरणी काढणंही अवघड झालं. पण आमचा परवाना तर शाबूत होता. तुमचं म्हणणं वेगळं: देवगडचा हापूस लाकडी पेटीतून पुठ्ठ्याच्या खोक्यात गेला आणि सीझनआधीचं पट्ट्या चिरायचं काम संपलं. कौलारू घरांच्या जागी स्लॅब आले, वासे-रिपा कोणाला हव्यात? आणि कवेत न मावणारी झाडं राहिली कुठे, ती तर आपणच चिरली. हे शेवटचं तुम्ही हळूच म्हणालात. मला तुमचंच पटलं, आणि तसंच लिहिलंय.

वहीची झेरॉक्स धाकट्याबरोबर पाठवतेय. पहिल्या पानावर पणजोबांच्या खाली तुमच्या आजोबांचं आणि मेहुण्यांचं नाव आहे. मेहुण्यांचं गाव मी चुकीचं ऐकलं असेल, तर पेन्सिलने खूण करा. पाते जोडायची तुमची पितळी डाकाची पद्धत अजून लिहायची राहिलीय. आंब्याची गडबड सुरू व्हायच्या आत एक दुपार काढा, चहा आईच करेल.

तुमची,
वखारवाल्यांची पणती