फाइलमधली जागा बाइटने मोजायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना मला सतत जाणवते की, उघड्या फाइलमध्ये वाचण्या-लिहिण्याची जागा हलवणारे 'एफसीक' हे फंक्शन व्हायवापुरतेच (तोंडी परीक्षेपुरतेच) पाठ केलेले असते. सुरुवातीपासून, चालू जागेपासून किंवा शेवटापासून अंतर मोजायचे, एवढे सगळेच सांगतात; पण ते अंतर बाइटमध्ये, म्हणजे संगणकातली साठवण मोजण्याच्या एककात असते, याचा अर्थ मराठी मजकूर समोर आल्याशिवाय कळत नाही. जर्नलमधल्या (प्रॅक्टिकलच्या वहीतल्या) इंग्रजी उदाहरणांत एक अक्षर म्हणजे एकच बाइट असतो. युटीएफ-८ या, अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो की पाय मोडण्याची खूण, ३ बाइट घेते. म्हणून 'मालवण'ला १५ बाइट लागतात आणि 'रत्नागिरी'ला २७. गावासाठी २० बाइटचा रकाना ठेवला, तर मालवण नीट बसते, पण रत्नागिरीचे 'रत्नाग' उरते आणि त्यापुढच्या वेलांटीचा तुटका तुकडा मागे राहतो.

दुसरी अडचण नोंद दुरुस्त करताना येते. मच्छीमार सोसायटीच्या डिझेलच्या हिशेबात प्रत्येक रेकॉर्ड (नोंद) ६४ बाइटचे असेल, तर बारावे रेकॉर्ड ७०४ व्या बाइटपाशी सुरू होते (मोजणी शून्यापासून असते), आणि ते वाचून होताच जागा ७६८ वर सरकलेली असते. तिथेच लिहायला घेतले, तर एका खलाशाची बाकी दुसऱ्याच्या नावावर पडण्याची भीती असते. लिहिण्याआधी ६४ बाइट मागे येणे त्यासाठी आवश्यक आहेच. शिवाय वाचनाकडून लेखनाकडे वळताना, फाइलचा शेवट आलेला नसेल तर, मध्ये जागा ठरवणारे फंक्शन वापरलेच पाहिजे, असा सी भाषेच्या प्रमाणकाचाच नियम आहे. फाइल 'अपेंड' (शेवटी भर घालण्याच्या) प्रकारे उघडली असेल, तर जागा कुठेही हलवा, लेखन शेवटीच होते. विंडोजवर ती बायनरी प्रकारे (बाइट जसेच्या तसे ठेवून) उघडली नाही, तर ओळीच्या शेवटी एकाऐवजी दोन बाइट लिहिले जातात आणि सगळा हिशेबच चुकतो.

म्हणून प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की, एक प्रॅक्टिकल तरी मराठी नावांच्या फाइलवर घ्यावे, त्यात मधलेच रेकॉर्ड बदलायला लावावे आणि शेजारची दोन्ही रेकॉर्डे शाबूत आहेत, हे विद्यार्थ्याकडून तपासून घेतल्याशिवाय जर्नलवर सही करू नये.

आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक, रत्नागिरी